किपलिंगच्या घरची पत्रे: शाळा, आघाडी आणि बेपत्ता मुलगा

४ मे १९२० रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरींवरून जोरदार चर्चा झाली. ज्यांची मुले फ्रान्स-बेल्जियमच्या मातीत पडली होती, त्यांतल्या अनेक आईवडिलांना मुलाचे शव मायदेशी हवे होते. ते होणार नसेल, तर निदान कबरीवर आपल्या पसंतीचा क्रूस उभारू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धातल्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने दोन्ही गोष्टींना नकार दिला होता. शव कोणाचेच हलवायचे नाही, आणि जनरल असो की साधा शिपाई, दगड सर्वांना एकाच मापाचा. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लोरेन्स सेसिल यांनी या धोरणाविरुद्ध हजारो सह्यांचा अर्ज केला होता.

त्या चर्चेत कमिशनच्या बाजूने बोलणाऱ्या एका खासदाराने प्रसिद्ध इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगचे पत्र वाचून दाखवले. आशय असा: आम्हाला जायला कबर कधीच असणार नाही. आमचा मुलगा फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. तिथली जमीन तोफांनी आणि सुरुंगांनी इतकी उलथीपालथी झाली आहे की मागमूस लागण्याची आशा नाही. हा वाद घालणाऱ्यांच्या मुलाचे नाव ठाऊक असलेल्या जागी दगडावर कोरलेले आहे. आपण किती नशीबवान आहोत हे त्यांना कळायला हवे होते.

हे पत्र मी जितक्यांदा वाचले तितक्यांदा अस्वस्थ झालो. किपलिंग स्वतः त्या कमिशनचा सदस्य होता. म्हणजे एका बापाचे दुःख दुसऱ्या आईबापांच्या दुःखासमोर पुरावा म्हणून मांडले गेले होते, आणि तेही बापाच्या संमतीने. ते प्रामाणिक होते यात शंका नाही. पण इथपर्यंत तो बाप कसा पोचला हे समजायला त्याच्या घरातली आधीची पत्रे पाहावी लागतात. ती सुदैवाने बरीचशी टिकली आहेत. मुलगा जॉन पहिल्यांदा शाळेत राहायला गेला ते १९०७ साल आणि त्याचे शेवटचे पत्र आले ते सप्टेंबर १९१५. एवढ्या आठ वर्षांचा हा व्यवहार आहे.

पत्रात न लिहिलेले

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा. वडील जॉन लॉकवूड किपलिंग सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. मुंबईकरांना हे माहीत असते, त्या आवारातला बंगलाही अनेकांनी बाहेरून पाहिलेला असतो. त्यापुढची गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. १८७१ मध्ये, वयाची सहा वर्षेही पुरी नसताना, त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडला नेऊन साउथसी इथे पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या एका कुटुंबात ठेवले गेले. हिंदुस्थानातल्या इंग्रज घरांत तेव्हा हीच रीत होती. हवा मानवत नाही, मुले 'देशी' होतात, म्हणून त्यांना पाठवून द्यायचे. त्या घरातली बाई त्याला मारझोड करी, खोटे बोलला म्हणून अपमान करी. हा प्रकार जवळजवळ सहा वर्षे चालला.

या सगळ्या काळात त्याने आईवडिलांना यातले काहीही कळवले नाही. सुट्टीत मावशीच्या घरी जाई, तिथे लाड होत, तरी तिलाही सांगितले नाही. पुढे मावशीने विचारले की का नाही बोललास, तेव्हा त्याचे उत्तर होते की मुले जनावरांपेक्षा फार जास्त सांगत नाहीत, जे वाट्याला येते ते कायमचेच आहे असे धरून चालतात.

पुढचे सगळे वाचताना हे लक्षात ठेवायला हवे. मुलाच्या पत्रात 'मी मजेत आहे' असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा काहीच अर्थ नसू शकतो, हे या बापाला अंगावरच्या वळांनी शिकवलेले होते.

आणखी एक मृत्यू मध्ये येतो. किपलिंगला तीन मुले होती. थोरली जोसेफिन, मग एल्सी, आणि १७ ऑगस्ट १८९७ ला जन्मलेला जॉन. मार्च १८९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोसेफिन न्यूमोनियाने गेली, सहा वर्षांची होती. बापही त्याच आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. तो सावरेपर्यंत त्याला तिची बातमी सांगितली नव्हती. पुढे १९०२ मध्ये ससेक्समधल्या बर्वॉश गावी 'बेटमन्स' हे घर घेतले, तिथून जी पत्रे सुटत ती उरलेल्या दोन मुलांसाठी होती. त्यांत प्रेम ओसंडून वाहते, आणि थोडी भीतीही.

शाळेची पत्रे

जॉन आधी रॉटिंगडीनच्या सेंट ऑबिन्स शाळेत होता, १९११ पासून वेलिंग्टन कॉलेजमध्ये. वेलिंग्टन ही ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ उभारलेली, १८५९ मध्ये सुरू झालेली शाळा, मूळ हेतू लष्करी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांना शिकवण्याचा. सैन्यात जाणाऱ्या मुलांचा तिथे भरणा असे.

बापाची पत्रे वाचायला अजूनही मजा येते. त्यांत चित्रे आहेत, घरातल्या कुत्र्यांचे प्रताप आहेत, शेजाऱ्यांच्या नकला आहेत. जॉनचे स्पेलिंग भयंकर होते. त्यावर बापाने काय केले पाहा: एक पत्र मुद्दाम धडधडीत चुकीच्या स्पेलिंगने लिहिले आणि विचारले, की असे पत्र तुला आले तर कसे वाटेल? तुला येते सगळे, फक्त विचार करायचा कंटाळा करतोस. नोबेल मिळालेला लेखक दहा वर्षांच्या पोराला वाचायला अवघड जावे म्हणून मेहनतीने शब्द बिघडवत बसला आहे, हे डोळ्यांसमोर आणले की त्या घरातल्या नात्याचा अंदाज येतो. रागावणे आहे, पण ते बरोबरीच्या गड्याशी बोलल्यासारखे. प्रगतिपुस्तक वाईट आले की सूर चढतो, लगेच खालीही येतो. वाईट संगतीबद्दल बजावणारे पत्र मात्र गंभीर आहे, तिथे चेष्टा नाही.

जॉन अभ्यासात सामान्य होता. खेळ आवडत. त्याची उत्तरे तोकडी, कामापुरती, मला हे पाठवा ते पाठवा अशी. वसतिगृहात मुले ठेवलेल्या कोणत्याही आईबापांना ती ओळखीची वाटतील. बाप पानेच्या पाने लिहितो, मुलगा चार ओळीत आटोपतो, आणि त्या चार ओळींतून बाप काय काय वाचतो ते त्याच्या पुढच्या पत्रात दिसते. दात दुखत असल्याचे जॉनने ओझरते लिहावे आणि बापाने त्यावर मोठा परिच्छेद लिहावा, या थाटाचा हा व्यवहार आहे. वेलिंग्टनमधले पहिले दिवस जॉनला जड गेले. ते त्याने उघड म्हटले नाही, तरी बापाला समजले, आणि नव्या जागी सगळ्यांचेच असे होते, निभावते, असा धीर त्याने दिला.

या पत्रांचा एक परिणाम झाला, तो माझ्या मते पुढच्या घटनांच्या मुळाशी आहे. बाप-मुलात एक विनोदी, टणक भाषा तयार झाली. रडायचे नाही, कुरकुर विनोदात घोळून करायची. त्या भाषेत कितीही वाईट गोष्ट सांगता येई, फक्त 'मला नको आहे' एवढे सांगता येत नसे. १९१० मध्ये, जॉन तेरा वर्षांचा असताना, किपलिंगची 'इफ' ही कविता प्रसिद्ध झाली. ती मुलाला उद्देशून आहे. जगभरच्या शाळांत ती भिंतीवर लागली. बेटमन्समध्ये जे रोजच्या पत्रांतून चालले होते, तेच तिथे छापून आले इतकेच.

डोळे

किपलिंगला स्वतःला लहानपणापासून जाड चष्मा. ज्या शाळेत तो शिकला तिथली बहुतेक मुले सैन्यात जाणारी होती, त्याला ती वाट बंद होती. तो वर्तमानपत्रात काम करायला लाहोरला गेला आणि आयुष्यभर सैनिकांबद्दल लिहीत राहिला. मुलाला डोळे बापाचेच मिळाले. आरमाराचा विचार झाला होता, दृष्टीमुळे तो बारगळला. मग भूदल. अधिकारी घडवणाऱ्या सँडहर्स्ट लष्करी विद्यालयाच्या परीक्षेसाठी १९१३ मध्ये त्याला वेलिंग्टनमधून काढून खासगी शिकवणीला ठेवले. लष्करी डॉक्टरांनी तपासले तेव्हा उत्तर नाहीच. चष्म्याशिवाय त्याला तक्त्यावरची दुसरी ओळही धड वाचता येत नसे.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा जॉन सतरा पुरे करत होता. तो भरती व्हायला गेला, नाकारला गेला. अधिकारी नाही तर साधा शिपाई म्हणून नाव घालतो, अशी त्याची भाषा सुरू झाली. इथे बापाने आपले वजन वापरले. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानात सरसेनापती असल्यापासूनचे ओळखीचे, आणि आयरिश गार्ड्स रेजिमेंटचे मानद कर्नल. किपलिंगने त्यांच्याकडे शब्द टाकला आणि जॉनला आयरिश गार्ड्समध्ये सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. रॉबर्ट्स यांचा एकुलता एक हयात मुलगा फ्रेडी डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सोच्या लढाईत जखमी होऊन गेला होता. म्हणजे शिफारस मागणारा आणि देणारा, दोघांनाही या दाराच्या पलीकडे काय असते ते पुरते माहीत होते. स्वतः रॉबर्ट्स त्याच नोव्हेंबरात, फ्रान्समधल्या हिंदी पलटणींना भेटायला गेले असताना वारले.

इथे नेहमीचा निवाडा तयार असतो: युद्धखोर बापाने आंधळ्या पोराला मरायला धाडले. किपलिंगने भरतीच्या सभा गाजवल्या, जर्मनांविरुद्ध जहरी लिहिले, हे खरेच आहे. पण पत्रांत ढकललेला मुलगा दिसत नाही, उतावीळ मुलगा दिसतो. एसेक्समधल्या वॉर्लीच्या बराकीतून येणारा जॉन खुशीत आहे. त्याला पहिल्यांदाच काहीतरी नीट जमते आहे. जवान त्याला मानतात, आयरिश पोरांना सांभाळणे त्याला आवडते. मग बाप निर्दोष का? तसेही नाही. मुलाची इच्छा ही मुलाचीच होती, फक्त ती ज्या मातीत उगवली ती माती बापाने आठ वर्षे पत्रांतून कसली होती. आणि डॉक्टरांचा नकार ही आयती पळवाट समोर असताना ती स्वतःच्या हाताने बंद केली, हेही खरे. हे दोन्ही एकत्र धरून ठेवणे अवघड जाते म्हणून लोक एकच बाजू उचलतात.

आईने काय विचार केला ते तिच्या एका पत्रातून कळते. कॅरी मूळची अमेरिकन. तिने अमेरिकेत आपल्या आईला लिहिले की दुसरे काही करण्यासारखे नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, मित्रांचे मुलगे आम्हाला आणि आमच्या मुलाला वाचवायला मरणार, आणि आम्ही बघत बसणार, असे होऊ शकत नाही. जायबंदी होऊन लढण्याच्या कामाचा उरला नाही तरच जॉन वाचेल, एरवी नाही. हे आम्हाला कळते आणि त्यालाही कळते. या घरातून गेलेल्या सगळ्या पत्रांत इतके उघडे वाक्य दुसरे नाही. आणि ते जॉनला नव्हे, समुद्रापलीकडे तिच्या आईला लिहिलेले आहे.

सहा आठवडे

ऑगस्ट १९१५ च्या मध्यावर आयरिश गार्ड्सची दुसरी बटालियन फ्रान्सला निघाली. त्याच सुमारास, १७ तारखेला, जॉन अठरा वर्षांचा झाला. तो घरून निघाला तेव्हा बाप घरी नव्हता, वार्ताहर म्हणून फ्रेंच आघाडी पाहायला गेला होता. कॅरीच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे: ताठ, नीटनेटका आणि फार लहान दिसत होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर मागे वळून म्हणाला, डॅडोला माझे प्रेम सांग.

यानंतर दोन्ही बाजूंनी पत्रे सुरू झाली, आणि सूर शाळेचाच. किपलिंगने फ्रेंच खंदक पाहून आल्यावर मुलाला टिपा पाठवल्या. त्यातली एक अशी: हातबॉम्बपासून बचावाला खंदकावर सशांच्या कुंपणाची जाळी ताणून लावा, फार उपयोगी. नाहीच मिळाली तर टेनिसची जाळीसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरी. पोराला खेळाचे साहित्य सुचवावे तसा हा सल्ला आहे. पण मला यात वेगळेच दिसते. बापाला आपल्या हातून आणखी काहीतरी करायचे आहे, आणि घरी बसून करता येण्याजोगे एवढेच उरले आहे.

जॉनची पत्रे पूर्वीसारखीच. पाऊस, चिखल, चालणे, जेवण, फ्रेंच यजमानांच्या गमती, आणि मागण्यांची यादी. उबदार, जाड तळाच्या सपाता पाठवा. विजेरीची नवी बॅटरी पाठवा. एका पत्रात तो ओळखपट्टी मागतो. त्याची हरवली आहे. दुकानात मिळेल, दोरी ओवलेली ॲल्युमिनियमची साधी चकती.

ब्रिटिश सैन्यात तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात एकच ओळखपट्टी असे. माणूस मेला की नोंदीसाठी ती काढून नेत, आणि मग त्या देहावर ओळखीचे काहीच राहत नसे. लढाई पुन्हा त्याच जागेवरून गेली, कबरीवरचा लाकडी क्रूस उडाला, की पुढे तो देह कोणाचा हे सांगणे अशक्य होई. दोन पट्ट्यांची पद्धत, म्हणजे एक देहावर ठेवायची आणि एक कार्यालयात न्यायची, ही सप्टेंबर १९१६ मध्ये आली. जॉनच्या बाबतीत त्या पट्टीने किती फरक पडला असता हे आता कोणी सांगू शकत नाही. परंतु पुढची दोन दशके आईबाप ज्या एका गोष्टीच्या शोधात होते, ती मुलाने सपातांच्या यादीत सहज मागितली होती.

२५ सप्टेंबर १९१५. लूसची लढाई त्या सकाळी सुरू झाली. ब्रिटिशांनी पहिल्यांदाच विषारी वायू सोडला तो इथे. लक्ष दुसरीकडे वेधायला उत्तरेला जे हल्ले झाले, त्यांत हिंदी सैन्याची मीरत डिव्हिजन होती. गुरखा रायफलमन कुलबीर थापा यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्याच दिवसाच्या लढाईतला. जॉनची बटालियन जिच्यात होती ती गार्ड्स डिव्हिजन अजून मागे राखीव होती. त्या संध्याकाळी जॉनने घरी घाईत चार ओळी लिहिल्या. आज रात्री निघतो आहोत, आघाडीचे खंदक इथून नऊ मैलांवर आहेत, तेव्हा फार चालावे लागणार नाही. फळी फोडून युद्ध संपवण्याचा हाच तो मोठा प्रयत्न आहे. दिवसभर तोफांनी कान बधिर झालेत. बरं, येतो.

२७ तारखेला दुपारी त्याची बटालियन चॉक पिट नावाच्या खाणीलगतच्या झाडीकडे पुढे सरकली. जर्मन मशीनगन समोर होत्या. जॉन जखमी झालेला दिसला. त्यानंतर तो कोणाच्या हाती लागला नाही. लढाईत सुमारे पन्नास हजार ब्रिटिश मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

बेपत्ता

२ ऑक्टोबरला बेटमन्सला तार आली: जखमी, बेपत्ता. 'मृत' असे तीत नव्हते. मेलेल्याचे दुःख आज ना उद्या बसते, चार लोक येतात, क्रियाकर्म होते. बेपत्ता माणसाच्या घरी लोकांना काय बोलावे तेच कळत नाही. सांत्वन केले तर आशा सोडली असा अर्थ होतो. महाराष्ट्रात सैनिकी परंपरेची गावे कमी नाहीत. १९७१ च्या युद्धात 'मिसिंग' म्हणून कळवलेल्या जवानांची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता पत्रव्यवहाराची जातच बदलली. मुलाला लिहिणे थांबले आणि अनोळखी माणसांना लिहिणे सुरू झाले. इस्पितळांत पडलेल्या गार्ड्सना, रेड क्रॉसला, तटस्थ देशांच्या वकिलातींना, कोणत्या जर्मन छावणीत जखमी इंग्रज अधिकारी आहे का म्हणून. बचावलेले जवान बेटमन्सला येऊन बसत, किपलिंग त्यांना एकेक प्रश्न विचारी: कुठे उभे होता, तो कुठल्या हाताला होता, किती वाजले होते. मुलाच्या चार ओळींतून सगळे वाचणारा बाप आता परक्या लोकांच्या अर्धवट आठवणींतून तेच करू पाहत होता.

कादंबरीकार रायडर हॅगर्ड त्याचा जुना मित्र. त्याचा स्वतःचा एकुलता मुलगा १८९१ मध्ये, हॅगर्ड मेक्सिकोत असताना, नऊ वर्षांचा होऊन गेला होता. त्यानेही साक्षीदार शोधले. डिसेंबर १९१५ च्या अखेरीस त्याच्या रोजनिशीत एका जवानाचे म्हणणे येते: आपण एका अधिकाऱ्याला झाडीतून बाहेर पडताना पाहिले, तो जॉनच असावा. तोंडावर जखम होती, पट्टी बांधायचा प्रयत्न करत होता आणि वेदनेने रडत होता. मदतीला गेलो असतो, पण रडताना पाहिल्याचे त्याला लाजिरवाणे वाटले असते म्हणून गेलो नाही. हॅगर्डने तिथेच लिहून ठेवले की हे किपलिंगला कळवणार नाही, सहन होण्यापलीकडचे आहे.

त्या जवानाचा संकोच पाहा. अधिकाऱ्याने रडू नये, रडला तर आपण बघू नये. ज्या भाषेत जॉन वाढला, ती त्या अनोळखी जवानालाही पाठ होती. आणि हॅगर्डने केले तेही त्याच धर्तीचे. मित्राला दुःख नको म्हणून बातमी पोटात ठेवली. हॅगर्डच्या जागी मीही बहुधा तेच केले असते. तरीसुद्धा एक प्रश्न राहतोच, की वर्षानुवर्षे एकेक साक्षीदार चाळणाऱ्या बापाला ती एक साक्ष मिळण्याचा हक्क होता की नाही.

किपलिंगने स्वतः नोव्हेंबर १९१५ मध्ये शाळासोबती डन्स्टरव्हिलला लिहिलेले पत्र आहे. त्याचा आशय असा: लहानसे आयुष्य होते. इतक्या वर्षांची मेहनत एका दुपारी संपली याचे वाईट वाटते, पण आमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि एक मर्द घडवला हे काही कमी नाही. खचलेला माणूस ओठ घट्ट मिटून बोलतो तसा हा सूर आहे. ज्यांना हे पत्र निर्दय वाटते त्यांनी ते कोणाला लिहिले आहे ते पाहावे. तो मित्र लष्करातला होता, त्याच शाळेत तीच भाषा शिकलेला.

दुसऱ्यांच्या मुलांची पत्रे

यात एक भाग असा आहे की तो मराठी वाचकापर्यंत क्वचितच येतो. हिंदी सैनिकांची फ्रान्सहून घरी जाणारी आणि घरून येणारी पत्रे सेन्सॉरकडून जात. त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून अहवाल बनत. १९१६ मध्ये असे उतारे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत किपलिंगच्या हाती दिले गेले. त्याने त्यावरून चार काल्पनिक पत्रे लिहिली. कोणी शीख, कोणी राजपूत, कोणी पठाण लिहितो आहे अशी. १९१७ मध्ये ती अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात आली. उद्देश प्रचाराचा होता. साम्राज्यावर निष्ठा असलेला, फ्रान्सची शेती आणि तिथल्या बायकांचे शिक्षण पाहून थक्क झालेला हिंदी शिपाई त्यांत दिसतो. मूळ उताऱ्यांतली घरची ओढ, इथून कोणी परत जात नाही अशी हताशा, भावाला भरती होऊ नकोस म्हणून घातलेली आडवळणाची सूचना, हे सगळे त्यात फार थोडे उरले.

मला यात प्रचारापेक्षा दुसरेच खटकते. स्वतःच्या मुलाचे पत्र येणे बंद होऊन वर्ष झालेले, आणि टेबलावर परक्या मुलांच्या पत्रांचा गठ्ठा. ओळींमधले वाचण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्याला त्या शिपायांनी दडवलेले दिसले नसेल हे पटत नाही. दिसले असणार. त्याने ते लिहिले नाही. माझा अंदाज असा की जॉनच्या पत्रांत दडलेले त्याला स्वतःला सोसेना, मग शिपायांच्या पत्रांतले तो बाहेर काढील कसा? हा अंदाजच आहे, पुरावा नाही.

दगडावरची अक्षरे

१९१७ मध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले आणि किपलिंग त्यावर गेला. कोणत्याही मोठ्या स्मशानभूमीतल्या स्मृतिशिळेवर कोरायचे वाक्य त्याने बायबलच्या परंपरेतल्या एका ग्रंथातून निवडले, त्यांचे नाव सदैव जिवंत राहील अशा अर्थाचे. अनोळखी देहाच्या दगडावर 'देवाला ठाऊक' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द असतात, तेही त्याचेच. जगभरच्या अशा लाखो दगडांवर ते आहेत.

ओळख पटलेल्या सैनिकाच्या घरच्यांना दगडाच्या तळाशी स्वतःचा मजकूर घालता येई. मर्यादा ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून, आणि दर अक्षराला साडेतीन पेन्स. ओरड झाल्यावर पैसे ऐच्छिक केले गेले. एका आईने काय गाळायचे, काय ठेवायचे हे पेन्स मोजत ठरवावे, यातला क्रूरपणा कमिशनला उशिरा कळला. किपलिंगला मात्र असे ६६ अक्षरांचे पत्रसुद्धा लिहायला जागा नव्हती. त्याने आयरिश गार्ड्सचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यासाठी कित्येक वर्षे जवानांच्या रोजनिश्या आणि पत्रे धुंडाळली. त्यात जॉनला जागा किती? लूसच्या अधिकाऱ्यांच्या यादीत एक तुकडा: सेकंड लेफ्टनंट किपलिंग जखमी आणि बेपत्ता. शेजारच्या नावाला जेवढे, तेवढेच. सर्वांना एकाच मापाचा दगड, हे तत्त्व त्याने आपल्या घरापासून पाळले. १९२० चे ते संसदेतले पत्र मला याच बाजूने थोडे समजते, पटते असे नाही.

१९२७ मध्ये न्यूव्ह शापेल इथे, लूसपासून फार लांब नाही, कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचे स्मारक खुले झाले. त्या समारंभाला किपलिंग हजर होता. लूसच्या बेपत्ता सैनिकांच्या भिंतींवर वीस हजारांहून जास्त नावे आहेत. १९३० मध्ये ते स्मारक खुले झाले, त्यात जॉनचे नाव आले. जानेवारी १९३६ मध्ये किपलिंग गेला, १९३९ च्या डिसेंबरात कॅरी. आपले खासगी कागद जाळण्यात हे दाम्पत्य कुप्रसिद्ध होते. मुलांची पत्रे त्यातून वाचली, एल्सीकडे राहिली, आता ससेक्स विद्यापीठात आहेत.

१९९२ मध्ये कमिशनने हेन गावाजवळच्या सेंट मेरीज स्मशानभूमीतली 'आयरिश गार्ड्सचा एक लेफ्टनंट' एवढीच नोंद असलेली कबर जॉनची असल्याचे जाहीर केले आणि दगड बदलला. काही अभ्यासकांनी पुढे हरकत घेतली. जॉन मेला तेव्हा सेकंड लेफ्टनंट होता, मग देहावर लेफ्टनंटची चिन्हे कशी? शिवाय देह जिथे सापडल्याची नोंद आहे ती नकाशावरची जागा चॉक पिटपासून काही मैल दूर पडते. उत्तरात दाखवले गेले की बढतीची मागील तारखेची घोषणा सरकारी राजपत्रात त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली, म्हणजे बढती आधीच लागू झालेली असू शकते, आणि नकाशाच्या चौकटीचे अक्षर नोंदवणाऱ्याच्या हातून चुकले असावे. कमिशन आपल्या निर्णयावर ठाम आहे. आक्षेप घेणारेही सगळे गप्प झालेले नाहीत, आणि जॉनच्या गणवेशावर त्या दिवशी सेकंड लेफ्टनंटचा एक तारा होता की लेफ्टनंटचे दोन, यावर अजून लेख येतात.